पोटातला कॉम्प्युटर

आमचे पप्पा, सीताराम गमरे, कोऱ्या कागदाला हात लावतात तो आधी वर मधोमध ‘नमो बुद्धाय, जय भीम’ लिहायला. मग खाली काय वाटेल ते. लाईट बिलाची तक्रार असो, नाहीतर मला बाजारातून बोंबील आणायला दिलेली चिठ्ठी. भोईवाड्यात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान, त्यामुळे ही सवय धंद्याला शोभूनही दिसते.

पप्पांची सगळी अक्षरं, वेलबुट्ट्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. ते मेलं नव्या विंडोजवर चालायला तयार नाही. म्हणून खोताच्या वाडीतल्या रूपर्टने, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आमच्या नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला. खराखुरा नाही, नुसता आभासी. व्हर्च्युअल मशीन म्हणतात तिला. बटण दाबलं की खिडकीत जुनं विंडोज उघडतं आणि पप्पा खूश.

त्या दिवशी सकाळी ती उघडेचना. कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे तिच्या सेटिंगांची यादी, करप्ट झाली म्हणे. आणि आत काय अडकलं होतं? माझ्या लग्नाची पत्रिका! सगळ्या जगाच्या छापून झाल्या, घरच्या पोरीची शेवटी. त्यात पप्पा रोज एक वेल बदलणार. सुंदराबाई आत्या संध्याकाळच्या गाडीने चिपळूणला निघणार होती, गावच्या पत्रिका तिच्याच हातून जायच्या होत्या. आमच्या भावकीत पत्रिका हातात पडली नाही, तर फोनवर कितीही गोड बोला, माणूस मांडवात पाय ठेवत नाही.

‘रूपर्ट, काय करून ठेवलंस रे?’ मी फोनवर कडाडले.

‘मी काय केला? मशीन स्लो चालते बोलले, म्हणून काल अंकलना त्या फाइलमधला मेमरीचा एक आकडा बदलायला सांगितला. बस.’

‘पप्पा, आणखी कुठे हात लावलात?’

‘छे! आकडाच बदलला,’ पप्पा म्हणाले, आणि उगाच कागदांचे गठ्ठे सारखे करायला लागले.

रूपर्ट आला, फाइल उघडली, आणि खुर्ची धरून हसत सुटला. पहिल्याच ओळीत, मोकळी जागा सोडून, अगदी मधोमध: नमो बुद्धाय, जय भीम.

‘पप्पा!’

‘काय पप्पा? लिहायला बसलो, तर आधी ते नको?’

‘अहो, त्या मशीनच्या सेटिंगा आहेत! पहिलीच ओळ कळली नाही, तिने अंग टाकलं. रूपर्ट, काढ ती ओळ.’

‘खबरदार! मी लिहिलेलं मी पुसत नाही, कुणाला पुसू देत नाही.’

‘आणि माझं लग्न?’

‘होईल की. पत्रिका हाताने लिहीन.’

‘सगळ्या?’

‘सगळ्या.’

अस्सा राग आला, हातातला गोंदाचा डबा फेकून द्यावासा वाटला.

‘थांब ना, अक्षता,’ रूपर्ट म्हणाला. ‘माझी मम्मी पण पीठ मळला का वर क्रॉस काढते. तो पुसून बघ, जेवायला नाय देणार तुला.’ त्याने ओळीच्या सुरुवातीला फक्त हॅशचं चिन्ह टाकलं. ‘आता ओळ जागेवरच राहील. मशीन तिला सोडून पुढचा वाचेल.’

फाइल सेव्ह केली, बटण दाबलं. जुनं विंडोज टुणटुण वाजत उघडलं, आत माझी पत्रिका जशीच्या तशी. हुश्श! मी धावत जाऊन प्रिंटरमध्ये कागद भरले.

पप्पा मात्र त्या हॅशकडेच बघत होते. ‘म्हणजे मी लिहायचं, आणि हिने न वाचता पुढे जायचं?’

‘हो अंकल. पण ओळीला धक्का नाय लावणार.’

‘चालेल,’ पप्पा म्हणाले. ‘आजवर हे काम अक्षता करायची. माझं बोलणं कानाआड करायची, तरी सगळं नीट चालवायची. आता ती निघाली सासरी. दुकानात कुणीतरी पाहिजेच.’

मी प्रिंटरकडे तोंड फिरवून उगाच पत्रिका मोजायला लागले. आणि हा रूपर्ट म्हणतो, चहा सांगा.