एका टिचकीत सगळी जनावरं गाभण

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! तुम्ही हसा खुशाल, पण आधी तो चहा संपवा. नाहीतर मध्येच ठसका लागायचा आणि तेही माझ्याच नावावर जायचं.

तर मी श्रीगोंद्याच्या बाजूला गायी भरवायचं काम करतो. कृत्रिम रेतन, लस टोचणं, गाभण आहे की नाही ते तपासणं, असं सगळं. मी डॉक्टर नाही. पण पंचक्रोशीत मला सगळे डॉक्टरच म्हणतात. सुरुवातीला मी त्यांची चूक दुरुस्त करायचो. आता करत नाही.

आणि स्वभावानं मी एक नंबरचा घाबरट. घराला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यावरून परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. गाय नुसती शिंकली तरी घाम मला फुटतो. अशा माणसाच्या हातात कुणी कामं सोपी करणारं ते ॲप द्यावं का? कुणी दिलं नाही हो! मी स्वतःच्या बोटांनी उतरवून घेतलं.

काय सुंदर तक्ता केला होता मी त्यात! मालकाचं नाव, जनावराचं नाव, लस कधी, रेतन कधी आणि शेवटी 'अवस्था'. अवस्थेत दोनच पर्याय, गाभण किंवा भाकड. त्यावर आणखी एक शहाणपणा केला. अवस्था बदलली की मालकाला आपोआप मेसेज जाईल अशी सोय करून ठेवली. भाकडचा मजकूर असा: 'कळविण्यास खेद होतो की आपले जनावर भाकड आहे. योग्य तो निर्णय घ्यावा.' आणि गाभणचा: 'अभिनंदन! आपले जनावर गाभण आहे. त्यास पळवू नये, जड कामास जुंपू नये. पेढे विसरू नयेत.'

पेढ्यांची ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली होती. खोटं कशाला बोलू?

आमच्या गावात बबनतात्या म्हणून आहेत. त्यांची चांदणी गाय. काळी, कपाळावर पांढरा टिक्का. वर्षभर तिच्या मागे लागलो होतो, पण ती उलटतच होती. म्हणजे भरवली की पुन्हा माजावर. शेवटी तात्या वैतागले.

"डाक्टर, ह्यो शेवटचा डाव. आता न्हाई राहिली तर मी तिला काष्टीच्या बाजारात नेऊन सोडनार. नुस्ती उभी करून वैरन कुटवर घालू?"

मी तपासली तेव्हा गाभण वाटत होती. पण घाबरट माणूस 'वाटतंय' यावर थांबतो का? मी म्हणालो, "तात्या, रक्ताचा नमुना तपासायला पाठवतो. पक्कं झालं की मेसेज करतो."

"करा. तुमी न्हाई म्हनलात की मी टेम्पो सांगतो."

काष्टीच्या बाजाराच्या दिवशीच सकाळी निकाल आला. चांदणी गाभण! मला इतका आनंद झाला की विचारू नका. तिच्याबरोबरच्या तीन गायी मात्र राहिल्या नव्हत्या. म्हटलं, आधी या तिघींचं वाईट काम उरकू, मग चांदणीची गोड बातमी निवांत देऊ.

एकेक ओळ उघडून बदलायची तर वेळ जातो. पण ॲपमध्ये अनेक नोंदी एकदम बदलायची सोय आहे. मी त्या तीन गायी शोधून समोर आणल्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर टिचकी मारली, तिन्ही ओळी निळ्या झाल्या. अवस्था: भाकड. बदला? हो. नक्की? अहो, हो की!

आता मला काय माहीत, की मधे चहाचा कप उचलताना माझा अंगठा कुठंतरी लागून तो शोध पुसला गेला होता? पडद्यावर मावतातच तीन ओळी, आणि नावं मी पुन्हा वाचली नाहीत. निळा झाला होता सगळा तालुका.

पहिला फोन रशीदचाचांचा. त्यांच्या शेळ्या आहेत आणि एक दांडगा बोकड. लसीसाठी मीच त्याची नोंद घेतली होती.

"डाक्टर, तुमचा मेसेज आला. माझा बोकड भाकड हाय म्हनं."

"काय?"

"बराबर हाय तुमचं. आजपातूर एकदाबी व्याला न्हाई."

मी हसलो. हसता हसता तक्त्यात खाली सरकलो आणि हसू जागच्या जागी गोठलं. भाकड. भाकड. भाकड. बोटानं सरकवत गेलो, संपेचना! तेवढ्यात दुसरा फोन. संपतराव. यांचा शर्यतीचा बैल आहे, बादशहा. त्या बैलाला घरात संपतरावांपेक्षा जास्त मान.

"माझा बादशहा भाकड?" ते इतके ओरडले की मी फोन लांब धरला. "आख्ख्या जिल्ह्यात नाव हाय त्याचं! आन् योग्य तो निर्णय घ्यावा म्हंजी काय वो? कुनी सांगितलं तुमाला ह्ये लिवायला?"

"संपतराव, चूक झाली, लगेच दुरुस्त करतो!"

आता खरं म्हणजे इथं थांबायचं. फोन ठेवायचा, पाणी प्यायचं, शांत डोक्यानं बघायचं. पण घाबरलेला माणूस कधी शांत डोक्यानं काही करतो का? आग लागली की तो हाताला लागेल ते ओततो आणि मग कळतं की ते रॉकेल होतं. मी पुन्हा सगळ्या ओळी निवडल्या, मुद्दाम, पूर्ण शुद्धीत. आणि अवस्था केली: गाभण. आपोआप जाणाऱ्या मेसेजची मला आठवण झाली ती बटण दाबल्यानंतर.

संपतरावांचा फोन लगेच आला. या वेळी आवाज एकदम मऊ. तो मऊपणा मला जास्त भीतीदायक वाटला.

"डाक्टर, घरी कुनी हाय का तुमच्याजवळ?"

"हो, आहे की, मंदा आहे. का?"

"न्हाई, काळजी वाटली. बादशहा गाभण हाय म्हनून लिवलंय तुमी. पळवू नये, जुंपू नये. शर्यत तोंडावर आली, डाक्टर! आन् पेढं मी कोनत्या तोंडानं वाटू?"

आमच्या मंदानं, म्हणजे बायकोनं, स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं हो?"

"सगळी जनावरं गाभण राहिली."

"अगं बाई! एकदम?"

पाठोपाठ रशीदचाचांचा पुन्हा फोन, "बोकडाला काय डिंकाचं लाडू द्यायचं का?" तो मी अर्धवटच ऐकला, कारण मला एकदम तात्या आठवले. तात्यांनाही मेसेज गेला असणार! पहिला. भाकडचा. 'योग्य तो निर्णय घ्यावा.' त्यांचा निर्णय तर ठरलेला होता आणि आज बाजार!

दुसरा मेसेज बघितला असेल का? बघितला तरी विश्वास कुणाच्या बापाचा बसणार? फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. एकदा टूं वाजून बंद. शेवटी त्यांच्या शेजाऱ्याला फोन केला.

"तात्या? ते तर टेम्पो घिऊन काष्टीला गेल्यात की."

संपलं! वर्षभर देवाला साकडं घातलं तेव्हा राहिलेली गाय माझ्या एका टिचकीनं बाजारात उभी! उद्या तिला कालवड झाली आणि ती दुसऱ्याच्या दावणीला असली, तर तात्यांना मी तोंड कसं दाखवू? मी पायात दोन वेगळ्या चपला घालून मोटारसायकलला किक मारली. मंदा मागून ओरडली, "अहो, ते मागं घ्यायचं बटण नसतं का?" होतं! उलटा बाण. पहिल्या दिवसापासून तिथंच होता. पण गेलेले मेसेज कुठला बाण परत आणणार?

काष्टीच्या बाजारात तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे. जनावरांची ही गर्दी, धूळ, हंबरणं, आणि सगळ्या गायी लांबून सारख्याच. मी माणसं ढकलत, शेणात पाय घालत पुढं जातोय. प्रत्येक काळी गाय मला चांदणी वाटतेय. आणि अचानक दिसले, तात्या! शेजारी काळी गाय, कपाळावर पांढरा टिक्का. समोर पिवळ्या फेट्याचा एक माणूस. आणि दोघांचे हात रुमालाखाली!

आमच्याकडे गायीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नाही. सौदा केवढ्यावर आलाय ते तर नाहीच. मला एवढंच कळलं की बोटं हलायची थांबलीत, म्हणजे सौदा पक्का व्हायच्या बेतात आहे.

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "तात्या, हात काढा! गाय गाभण आहे! मी स्वतः सांगतोय, गाभण आहे ही!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. पिवळ्या फेट्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चपलांवर नजर जरा जास्त वेळ थांबली.

"ह्ये कोन?" त्यानं विचारलं.

"डाक्टर हायेत आमच्या गावचं," तात्या सावकाश म्हणाले.

"डाक्टर?" पिवळ्या फेट्यानं झटकन रुमालाखालून हात काढला आणि गायीच्या पाठीवरून असा काही फिरवला, जणू ती आत्ताच जन्माला आली. "मंग न्हाई द्यायची बाबा. लई उपकार झालं, डाक्टर!" आणि गायीचा कासरा धरून तो गर्दीत दिसेनासा झाला.

मी धापा टाकत उभा. गाय तो का घेऊन गेला?

"तात्या... चांदणी..."

"चांदनी घरी हाय. गोठ्यात. रवंथ करत बसली आसंल."

"घरी? मग मेसेज... भाकड म्हणून..."

"कसला मेसेज? तुमचा नंबर सूनबाईनं कवाच बंद केलाय. रोज पहाटं फुलं, सुविचार, शुभ सकाळ! फोन भरून गेल्ता नुस्ता." तात्यांनी रुमाल झटकला. "चांदनी परत माजावर आली न्हाई. म्हनलं राहिली असनार, मंग तिच्या जोडीला एक घ्यावी."

"म्हणजे तुम्ही विकत..."

"इकत न्हवतो, घेत हुतो! जात दुधाला चांगली, पन सध्या भाकड म्हनून स्वस्तात सुटत हुती. शेवटचं बोट दाबायचं राहिल्तं."

मला रडू यायचंच बाकी होतं. हात जोडून म्हणालो, "तात्या, तुमचं नुकसान होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून पळत आलो हो मी!"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पळत कशाला आलात, डाक्टर? मेसेज करायचा हुता. मी वाचला नसता, आन् गाय आत्ता टेम्पोत आसती."