नावं संपायच्या आत

अंबडच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या ताराबाईंना सिनेमाचा भारी नाद, पण पिक्चर शेवटपर्यंत त्यांनी क्वचितच पाहिला. पडद्यावर नावं यायला लागली की त्या डोळे मिटून नुसत्या ऐकायच्या. संगीत पटलं नाही, तर नावं संपायच्या आत पर्स उचलून बाहेर. विनोदी पिक्चर असला की आधीच टुंय-टुंय, भुताचा असला की दार करकरणार, आणि खेडं दाखवायचं म्हटलं की बासरी. "आमच्या तीर्थपुरीत उभ्या जन्मात मी बासरी ऐकली न्हाई," त्या म्हणायच्या, "ह्यांना बरी फाट्यावर उतरल्याबरोबर ऐकू येती!" गिरिधरराव, त्यांचे यजमान, पूर्ण पिक्चर बघून घरी येत आणि शेवट सांगू लागत. "राहू द्या, तो सुरुवातीलाच कळाल्ता," एवढंच उत्तर त्यांना मिळे.

गेल्या वर्षी त्यांच्या भाच्यानं, जालन्याच्या एका ऑफिसात नोकरी करणाऱ्या ऋषीनं, लघुपट काढला. अंबडच्या स्टँडवर चहा विकणाऱ्या नंदाबाईवर. स्पर्धेआधी तो आत्याला लॅपटॉपवर दाखवायला आला. पहाटेचं स्टँड, नंदाबाई स्टोव्ह पेटवतेय, आणि वर ढोल, शंख, मागं बायकांचा कोरस.

ताराबाईंनी डोळे उघडले. "ही बाई चहा ठेवून राह्यली का लढाईला निघाली?"

"आत्या, इम्पॅक्ट लागतो. सुरुवातीलाच माणूस खुर्चीला खिळला पाहिजे."

"मंग खिळा मार त्याला. तिच्या स्टोव्हचा आवाज कुठंय? एसटी मागं घेताना कंडक्टर पत्रा बडवतो, तो कुठंय?"

"काढला. कचरा होता तो."

"कचरा ठेवायचा अन् हे काढायचं होतं."

ऋषीनं लॅपटॉप मिटला आणि चहाही न घेता गेला.

तरी स्पर्धेला ताराबाई जालन्याला गेल्या. फिल्म सुरू झाली आणि आवाजच येईना. ऐकायला काही नाही म्हटल्यावर त्यांना नाइलाजानं बघावं लागलं. नंदाबाई काडी ओढते, वाऱ्यानं ती विझते, ती दुसरी ओढते. तिच्या कपाळावर बारीक आठी पडते. घरी ढोलांच्या गदारोळात ही आठी दिसलीच नव्हती. सभागृह गप्प झालं होतं. पोराची नजर चांगली आहे, हे मनातल्या मनात कबूल करताना ताराबाईंना रागच आला. तेवढ्यात ऑपरेटरनं निघालेली वायर खुपसली. ढोल असा कडाडला की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. ताराबाईंनी पर्स उचलली.

निकालाच्या वेळी त्या दाराशी उभ्या होत्या. पहिलं बक्षीस ऋषीला. दाढीवाले परीक्षक भारावून बोलत होते, "सुरुवातीची ती निःशब्दता! स्त्रीचं मूक आक्रंदन! आणि मग ढोलांचा विद्रोह!"

ऋषीनं माईक हातात घेतला. "सर, ती शांतता मी फार विचार करून ठेवली होती."

ताराबाई मोठ्यानं हसल्या. चार माना वळल्या.

परतीच्या एसटीत आत्याला सोडायला निघालेला ऋषी ट्रॉफी मांडीवर घेऊन बसला. "लोकांसमोर हसलीस, आत्या."

"तू लोकांसमोर काय बोलला, ते?"

"मंग काय सांगायचं? वायर निघाल्ती म्हणून?"

"बिलकुल. तेच सांगायचं."

त्यानं ट्रॉफी पिशवीत घातली. आता तो कॉलेजांमधून शांततेवर व्याख्यानं देतो. त्याची नवी फिल्म चालू जिनिंग मिलवर आहे, आणि सुरुवातीला तिचा आवाज पूर्ण बंद. कापूस उडतोय, पट्टे फिरताहेत आणि सगळं मुकं. ताराबाई त्यातूनही उठून आल्या.

परवा स्टँडवर नंदाबाईनं त्यांना हटकलं. "बाई, तुमच्या भाच्यानं माझा पिक्चर काढला म्हणं. कसाय?"

"तुझं तोंड लई छान आलंय."

"अन् बोलले काय मी त्याच्यात?"

"तुला बोलूच दिलं न्हाई त्यानं."

"अय्यो! सकाळधरून बडबड करून घेतली माझ्याकडून," नंदाबाई म्हणाली, आणि फडकं झटकून चहा गाळायला लागली.