उलटं अस्तर आणि भाकरीचा तुकडा

मालनताईंची आणि माझी पहिली ओळख उसवण्यातून झाली. नेवाशात त्यांनी नुकताच आमचा गोधडी गट सुरू केला होता आणि मी मोठ्या हौसेने घरी शिवलेली गोधडी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्या नमस्काराला उत्तर देण्याआधी कात्रीने एक अख्खी ओळ उसवली. "आता बस आन् परत घाल," एवढंच म्हणाल्या. आज त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी मला त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहायला सांगितलं आहे. प्रयत्न करते.

मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून ताई निवृत्त झाल्या असं म्हणतात. आमचा त्यावर विश्वास नाही. व्यासपीठावर त्यांचं मराठी अगदी शुद्ध असतं, गटाच्या शेडमध्ये शिरलं की गावाकडचं होतं, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

गोधडी शिवण्याआधी सगळे थर जमिनीवर पसरून, त्यावर ओणवं होऊन लांब लांब कच्चे टाके घालावे लागतात, नाहीतर थर सरकतात. या कामाने गटातल्या निम्म्या जणींच्या कमरा गेल्या होत्या. ताईंना ते बघवेना. एका बंद पडलेल्या रजईच्या कारखान्यातून त्यांनी लांब हाताची जुनी मशीन टेम्पोत घालून आणली. आम्हाला विचारलं नाही, हे सांगायला नकोच. तिला समोरासमोर दोन लांब दांडे आहेत. अस्तर त्या दांड्यांना जोडून ताणायचं, वर थर पसरायचे आणि मशीनचं डोकं हाताने ढकलत कच्चे टाके घालत जायचे. झालेला भाग गुंडाळायचा, पुढचा ओढायचा. मग गोधडी उतरवून घरी न्यायची आणि हाताने बारीक टाके घालायचे.

ऐकायला सोपं वाटतं. अस्तर जोडताना केसभर तिरपं गेलं, तर शेवटी हातभर तिरपं निघतं. सैल ठेवलं तर चुण्या पडतात. ताणून लावलं तर ताई ओरडतात, "ढोलकी बांधायचीय का?" खालून बोट लावलं की ते वरून कापडासकट चिमटीत आलं पाहिजे, हे त्यांचं माप. त्या मापापायी मी किती वेळा अस्तर काढलं आणि लावलं, ते माझं मला माहीत.

एकदा मी आणि रुक्सानाभाभींनी, म्हणजे मशीनचं तेलपाणी बघणाऱ्या आमच्या मैत्रिणीने, सकाळपासून खपून एक अस्तर चढवलं. मधली खूण जुळवली, टाचण्या लावल्या, थर पसरले, कडेने टाके घातले. ताई खुर्चीत बसून बडीशेप चघळत सगळं बघत होत्या. आम्ही कंबर सरळ केली, तेव्हा म्हणाल्या, "अस्तर उलटं लागलंय."

"ताई, मंग आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं व्हय?"

रुक्सानाभाभींनी हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली. मला हसू आलं नाही. त्यानंतर माझं अस्तर कधी उलटं लागलं नाही, हे खरं आहे, आणि ते कबूल करतानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्यांच्या मूल्यांविषयी लिहा, असंही संपादकांनी सुचवलं आहे. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात. त्या बायांच्या गोधड्या आधी, बाकी सगळं नंतर, हा ताईंचा कायदा. एकदा शहरातल्या मोठ्या दुकानाचं काम मशीनवर चढलेलं असताना त्यांनी ते उतरवायला लावलं. दुकानदाराचे फोन मी घेत होते. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "कोपीवर थंडी लई असती. दुकानाला थंडी वाजत न्हाई." मी अस्तर उतरवलं.

दुसरा कायदा भाकरीचा. गोधडी शिवून बंद करण्याआधी शेवटच्या कोपऱ्यात वाळल्या भाकरीचा तुकडा ठेवायची आमची रीत आहे. गोधडी उपाशी राहू नये, म्हणजे पांघरणाराही उपाशी राहत नाही. हाताची सुई त्या तुकड्याला वळसा घालते, मशीनला तेवढं कळत नाही, तिची सुई मोडते. म्हणून ताईंनी मशीनवर भाकरी बंद केली. बायका हळहळल्या, एकदोघी रुसल्या, पण ताई हलल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझी लेक बाळंतपणाला आली होती. ती बाळाला घेऊन सासरी जाईल, तेव्हा माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी तिच्यासोबत द्यायची, असं मी ठरवलं होतं. आई गेली, तिची चार लुगडी तेवढी राहिली होती, तीही विरलेली. एखादं फाटलं तर दुसरं आणायचं कुठून? मी घाबरतच ती मशीनवर चढवली. ताईंनी नेहमीप्रमाणे दोनदा उतरवायला लावली. तिसऱ्यांदा जमलं. रुक्सानाभाभी दांडा फिरवत होत्या, मी टाके घालत होते, ताई मधूनमधून थरांत हात घालून चुण्या काढत होत्या. शेवटच्या कोपऱ्याशी आले आणि खाडकन आवाज झाला.

"सुई गेली की वो ताई!" रुक्सानाभाभी ओरडल्या.

सुई गेलीच होती, आणि आईच्या हिरव्या लुगड्याला भोकही पडलं होतं. मला रडूच कोसळलं. मी थर उचलून पाहिलं, तर आत बाजरीच्या भाकरीचा वाळका तुकडा.

"कुनी ठेवला ह्यो?" मी किंचाळले.

ताई दाराकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आईची गोधडी. नातीकडं उपाशी कशी धाडायची?"

"मंग सांगायचं तरी! वळसा घातला आसता!"

दुखऱ्या गुडघ्यांनी ताई सावकाश जमिनीवर बसल्या, गोधडी मांडीवर ओढली आणि तो कोपरा हाताने टाचला, भाकरीला वळसा घालून. भोकावर त्यांनी त्यांच्या शाळेच्या जुन्या निळ्या पातळाचं त्रिकोणी ठिगळ लावलं. मी शेजारी बसून त्यांना दोरा ओवून देत होते. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याइतकं जवळचं माणूसही दुसरं कुणी वाटत नव्हतं.

आता नातू रांगतो. लेक फोनवर सांगते, एवढ्या मोठ्या गोधडीतला नेमका तो निळा कोपराच तो तोंडात घालतो.

मालनताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो आणि अजून पुष्कळ वर्षं त्यांनी आमच्या ओळी उसवाव्यात. फक्त यापुढे कुठे भाकरी ठेवलीच, तर सुई तिथे पोचायच्या आधी सांगावं. आम्ही विचारलं नाही, तरी.