माझी बारीक जाऊ

माझी धाकटी जाऊ सुषमा गेली, त्याला आज वर्ष झालं. मला अजूनही तिचा हेवा वाटतो.

खरं तेच लिहितेय.

ती बारीक, मी जाड. ऐरोलीत एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ती पाचव्या मजल्यावर, मी सहाव्या.

हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणायचंच, "सुषमा अजून कॉलेजातली वाटते गं!" मग माझ्याकडे बघून विषय बदलायचं.

सासूबाई तर तोंडावर. "तिच्याकडून शिक जरा."

मी कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची, फोडणीचं तेल चमच्याने घालायची. ती समोर बसून तळलेली सुरमई खायची. तिचं वजन ढिम्म हलायचं नाही.

ती गेली त्या आठवड्यात लिफ्ट बंद होती. आम्ही दोघी भाजी घेऊन जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर तिने कठडा धरला. घामाघूम झालेली.

"ताई, जबडा दुखतोय. पाठ पण भरून आलीय. चार दिवस झाले, जिना चढलं की असंच होतंय, बसलं की थांबतं."

आणि मला बरं वाटलं.

सुषमा थांबली होती. मी तिच्या दोन पायऱ्या वर उभी होते.

"वय झालं गं तुझं पण," मी हसले. "अ‍ॅसिडिटी असेल."

घरी कोणाला बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याजवळ कोसळली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरांनी दिरांना विचारलं, "यांच्या माहेरी कोणाला हार्टचा त्रास?"

"वडील. तरुणपणीच गेले."

"कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं?"

"नाही. बारीक होती ना ती."

"बारीक माणसाच्याही रक्तवाहिन्या आतून भरतात. काही घराण्यांत ते रक्तातच येतं. आणि बायकांना छातीतच दुखेल असं नाही. जबडा, पाठ, धाप..."

जिन्यात तिने मला हेच सांगितलं होतं.

तेराव्यानंतर दिरांना जिन्यातलं सगळं सांगितलं. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच होतं.

मग एक दिवस त्यांची लेक मुक्ता दारात. एकोणीस वर्षांची, आईसारखीच शिडशिडीत. "काकू, माझी टेस्ट करायला येशील? बाबांना भीती वाटते."

कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं निघालं. लगेच गोळी सुरू झाली.

लॅबच्या पायऱ्यांवर ती माझ्या गळ्यात पडून रडली. "मला आई हवीय."

तेव्हाही हेवा वाटला, सुषमा. तुझाच.

मुक्ता गोळी चुकवत नाही. परवाच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल बरंच खाली आलंय.

मला माफ कर. तुला मनापासून श्रद्धांजली.