कोळशानं न काढलेली चित्रं

मुलांसाठी छोट्या चरित्रांची एक मालिका निघणार होती. त्यातलं आमच्या शहरातल्या एका व्यंगचित्रकारावरचं पुस्तक लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी शाळेत मराठी शिकवायची, आधी कधी पुस्तक लिहिलेलं नव्हतं. साहजिकच लगेच हो म्हटलं.

चित्रकार तेव्हा सत्तरी ओलांडलेले. सगळी उमर शहागंजात काढून मुलाबरोबर वाळूजच्या रस्त्यावरल्या नव्या वसाहतीत राहायला गेलेले. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तिथं भिंतीत नळ होते, नळात पाणी नव्हतं. मी दर रविवारी वही घेऊन जायची. बोलणं जरा रंगात आलं की खाली टँकरचा हॉर्न वाजायचा.

"चला बाई, तुमी पाइप धरा, मी ड्रम सरकवतो," असं म्हणत ते चप्पल शोधायला लागायचे. वर येईपर्यंत दोघांनाही धाप लागलेली, विषय हरवलेला. असे पाच रविवार गेले. वहीत पाऊण पानही भरलं नव्हतं.

सहाव्या रविवारी टँकर आलाच नाही आणि ते बोलले. वडील वैजापूरला तहसिलात कारकून होते. एका बाजूनं वापरलेले कागद ते घरी आणायचे. त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर हा मुलगा कचेरीच्या ओसरीत अर्ज घेऊन ताटकळणारी माणसं काढायचा. एकदा त्यानं साहेबांचंच चित्र काढलं, पोट टेबलावर ठेवलेलं. तो कागद चुकून फायलीत परत गेला.

"मग?"

"मग काय, वडलांनी छडीनं लई फोडलं. पण रात्री आईला म्हणत होते, पोट अगदी तसंच काढलंय गं!"

मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. प्रकाशकांचा फोन आला. "सरकारी कागद घरी आणणं, मारहाण, साहेबांचं पोट. मुलांनी यातून काय घ्यायचं? गरिबी दाखवा. कोळशानं भिंतीवर चित्रं काढायचे, असं काहीतरी."

"पण ते कोळशानं काढत नव्हते."

"सगळेच काढतात हो."

मी दोन लांब पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, सरळ छापील पुस्तक आलं. तिसऱ्या पानावर चूल, कोळसा आणि भिंत. वैजापूरची कचेरी कुठंच नव्हती. लाजेनं मी महिनाभर त्यांच्याकडं गेले नाही.

पुढं आमच्याच शाळेत त्यांना बोलावलं. पाचवीतली एक मुलगी पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. "आजोबा, कोळशानं तुमचे हात काळे व्हायचे का?"

आता ते खरं सांगतील म्हणून मी सरसावून बसले.

"लई काळे," ते म्हणाले. "आई ओरडायची, आधी हात धू, मग भाकर!" सगळा वर्ग हसला.

परत जाताना रिक्षात मी भडकलेच. "असं का सांगितलंत? मी त्यासाठी भांडले होते."

"बाई, पोरगी पुस्तक घेऊन उभी होती. तिच्यासमोर पुस्तक खोटं आहे म्हणू? मग ती दुसरं वाचंल का?"

माझा राग काही गेला नाही. अजूनही गेलेला नाही.

दोन वर्षांनी ते वारले. दैनिकात अर्धं पान आलं, त्यात चूल, कोळसा आणि काळे हात. मी खुलासा लिहून स्वतः कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या तरुण उपसंपादकानं तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "म्याडम, याला काही आधार?"

"मी स्वतः ऐकलंय त्यांच्या तोंडून."

त्यानं खणातून ते पुस्तक काढलं, तिसरं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "आम्ही तर यातूनच घेतलं. लेखिका तुम्हीच ना?"