प्रीतिभोजनाची चूल

"मास्तर, मायला म्हणावं चुलीपासून ऊठ. पाहुण्यांचा आचारी आलाय."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. आणि मी गेलो. का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

सुगी झाली की चर्चच्या आवारात आमची सगळी मंडळी एका पंगतीत जेवते. त्याला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. मला कळायला लागल्यापासून त्या दिवसाची लापशी माझी माय करायची. आणि परातीएवढी एक भाकर थापायची. ती भाकर पंगतीतून हातोहात फिरायची. प्रत्येकानं तुकडा मोडायचा, भाकर पुढं द्यायची. पाळक असो की सालगडी, भाकर तीच. आम्ही मूळचे मांग. गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. म्हणून मायला त्या भाकरीचा फार अभिमान.

"माय, ऊठ," मी म्हणालो.

"गूळ टाकायचा राह्यलाय अजून."

"आचारी टाकील. ऊठ तू."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पळी कढईच्या काठावर ठेवली, पदराला हात पुसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. थापलेली भाकर टोपलीतच राहिली.

ते निवडणुकीचं वर्ष होतं. तालुक्यातले एक मोठे जमीनदार उभे होते आणि ते आमच्यात येऊन जेवणार होते. त्यांचा आचारी जीपमधून शिधा घेऊन आला होता. पाणीसुद्धा. त्यानं मायची कढई उतरवून लिंबाखाली ठेवायला लावली. मग स्वतःच्या कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन चुलीवर शिंपडलं. चर्चच्या आवारातल्या चुलीवर. माझी माय तिथंच उभी होती. पाळकसाहेब सतरंज्या सरळ करू लागले. मी आचाऱ्याला लाकडं कुठं आहेत ते दाखवलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

धर्मात राजकारण तेव्हाच शिरलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. आजोबांचा बाप्तिस्मा निजामाच्या राज्यात झाला. ते हसत सांगायचे, "येशू मागून कळला रे, आधी साहेबाची चिठ्ठी कळली." मिशनच्या गोऱ्या साहेबानं तहसीलदाराला चिठ्ठी लिहिली आणि देशमुखाच्या घरची वेठ सुटली. फुकट लाकडं फोडणं, फुकट ओझी वाहणं, सगळं बंद. ज्या देवाचा माणूस तहसीलदाराला लिहू शकतो, तो देव आजोबांना पटला. त्यात मला आजोबांची लाज वाटत नाही. पुढं निजाम गेला, गोरे साहेब गेले. चिठ्ठ्यांची सवय तेवढी राहिली, पण चिठ्ठीची वाट उलटी झाली. आधी ती आमच्यासाठी सरकारकडं जायची. आता पुढाऱ्यासाठी आमच्याकडं यायला लागली. दर निवडणुकीला पाळक सांगणार, शिक्का कुठं मारायचा. आम्ही मारणार. त्याला वेठ म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मलाही नाही. मी चार बुकं शिकलेला, मिशनच्या शाळेत हंगामी मास्तर. हे जमीनदार साहेब निवडून आले की शाळेला सरकारी अनुदान मिळणार आणि मी कायम होणार, असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. म्हणून पाय मुकाट्यानं चुलीकडं वळले. नाइलाज होता असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. नाइलाज नव्हता. लोभ होता.

साहेब आले. पंगत खाली बसली, साहेब खुर्चीवर. त्यांच्यापुढं स्टूल, त्यावर त्यांचंच ताट. दोन घास खाल्ले आणि भाषणाला उठले. "येशूबी गरिबाचा, मीबी गरिबाचाच," म्हणाले. मायची भाकर टोपलीतून निघालीच नाही. मग पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पाऊसपाणी झालं, आजारी माणसं झाली, आणि शेवटी साहेबांच्या निवडणुकीच्या निशाणीचं नाव घेऊन म्हणाले, "प्रभू, या निशाणीला यश दे."

आम्ही सगळे म्हणालो, "आमेन."

कुणी विचार केला नाही. प्रार्थना थांबली की आमच्या तोंडून आमेन निघतंच, लहानपणापासूनची सवय. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. डोळे उघडले तर साहेब माझ्याकडं बघून मान डोलावत होते. लिंबाखाली माय कढईवरच्या माश्या हाकलत बसली होती.

संध्याकाळी ती कढई आम्ही घरी आणली. मी म्हणालो, "माय, चुकलं माझं. पण पाळकसाहेबच म्हणाले..."

"त्यो म्हणला असता तर म्या भांडले असते," माय म्हणाली. "त्याला बराबर म्हाईत होतं. म्हणून तुला धाडलं. तू म्हणलास, मंग उठले."

एवढं बोलून ती कढई घासायला बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यात लिहिलं होतं, अमुक गावची ख्रिस्ती मंडळी साहेबांना एकमुखी पाठिंबा देते. मी वाचून दाखवायचा आणि सगळ्यांचे अंगठे घ्यायचे. शाईची डबी त्यांनी आणलीच होती.

आमच्यात उपासनेत साक्ष द्यायची रीत आहे. ज्याला वाटेल त्यानं उठावं आणि देवानं आपल्याला कसं सावरलं ते सांगावं. मी कागद न वाचता खाली ठेवला आणि म्हणालो, "मला साक्ष द्यायचीय."

पाळकसाहेबांना वाटलं, साहेबांचंच गुणगान असणार. म्हणाले, "बोला, मास्तर."

"देवानं मला सावरलं न्हाई," मी म्हणालो. "मी माझ्या मायला चुलीवरून उठवलं. नोकरीसाठी. त्या चुलीवर पाणी शिंपडलं तेव्हा मी लाकडं दाखवून राह्यलो होतो. आन वरून आमेन म्हणलो. ते आमेन मी वापस घेतो. या कागदावर माझा हात लागणार न्हाई."

"मास्तर, कायम व्हायचंय ना?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"व्हायचं होतं."

टाळ्या पडल्या नाहीत. काही जण उठून गेले. बाकीच्यांनी खाली मान घालून अंगठे दिले, त्यात माझा सख्खा चुलताही होता. साहेब निवडून आले. अनुदान आलं. कायम दुसरा मास्तर झाला. मी जालन्याला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती मोजायला लागलो. मायनं परत कधी प्रीतिभोजनाची लापशी केली नाही. पाळकसाहेब दोनदा बोलवायला आले, ती दारातूनच नाही म्हणाली. त्या चुलीपाशी परत न बसताच ती वारली. ते मला फेडता येणार नाही.

पण त्या मंडळीत मी अजून जातो. ती माझ्या आजोबांची आहे, माझ्या मायची आहे, ती मी सोडणार नाही. पुढारी येतात, पुढच्या रांगेत बसतात, पाळक बदलले तरी प्रार्थना तशाच होतात. सगळे डोळे मिटतात. मी मिटत नाही. शेवटचा शब्द होईपर्यंत ऐकतो. त्यात कुणाची निशाणी आली की तोंड बंद ठेवतो, आणि बाहेर पडल्यावर ज्यानं ज्यानं आमेन म्हटलं, त्याला थांबवून विचारतो, तू आता कशाला आमेन म्हणालास, सांग.