राखीव पत्ते

टोकावड्याच्या रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाचा ढाबा आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की आम्ही चारपाच जण तिथे योद्ध्यांच्या पत्त्यांचा खेळ मांडतो. ढाबेवाला टेबल आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसतो आणि समोरच्याला विचारतो, "जेवलात ना?" त्या प्रश्नाची मला चीड येते, कारण विचारताना त्याची नजर समोरच्याच्या बोटांवर असते, पत्त्यांना तेल तर लागणार नाही ना, हे बघत.

प्रत्येक जण आपली गड्डी घरून जुळवून आणतो. शिवाय थोडे राखीव पत्ते असतात. एक डाव झाला की समोरच्याचा खेळ ओळखून त्यातले आत घ्यायचे आणि तेवढेच बाहेर काढायचे.

त्या दिवशी आम्हा दोघांत जिंकेल तोच कल्याणच्या स्पर्धेला जाणार होता. त्याने आणि मी एकेक डाव जिंकला होता. शेवटच्या डावाआधी त्याने सगळे राखीव पत्ते गड्डीत मिसळले, मग एकेक निरखत तेवढेच काढून पालथे ठेवले. काय बदललं, कळेना. माझे हलके, चपळ योद्धे एका फटक्यात मारणारे पत्ते त्याच्या राखीवात होते, हे मला ठाऊक होतं. तेच त्याने आत घेतले असणार, असं मी धरलं. मी हलके काढून भारी भरले; ते फटक्यांत टिकतात, पण उतरवायला पाळीपाळीने बळ साठवावं लागतं.

"घाई नाय," तो म्हणाला.

भारी पत्ते उतरवण्याइतकं बळ जमेपर्यंत मी हरलो होतो.

मग त्याने ते पालथे पत्ते सुलटे केले. ज्यांच्या धाकाने मी गड्डी बदलली, ते सगळे तिथेच होते.

"मी येक पन बदलला नाय," तो म्हणाला. "तुमीच बदललंत सगळं. आता जेवून घ्या."